भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

सोमवार, ८ जानेवारी

आज मला एक वही देण्यात आली, म्हणून ही दुसरी काढली.

दिलेली वही जाड, गुळगुळीत, वर ढगांचं चित्र. आत रोजचा तक्ता – जेवण, झोप, शी, आणि तळाला पाच चेहरे. हसरा, कमी हसरा, मख्ख, रडका, रागावलेला. पोरीचा दिवस जसा गेला असेल त्या चेहऱ्याभोवती गोल काढायचा! "रोज भरा हं मावशी, म्हणजे आपल्या तिघांत गोंधळ नको," पोरीची आई म्हणाली. मी म्हटलं, "मावशी नको, बाई म्हणा. सव्वीस वर्षं सगळे बाईच म्हणत आलेत." तर म्हणते, "बरं मावशी."

सव्वीस वर्षं मी पाळणाघर चालवलं. एका वेळी तीस मुलं. त्याआधी बालविकास विषय घेऊन पदवी – ज्या काळात घरचे विचारायचे की पोरं सांभाळायला कॉलेज कशाला लागतं. आणि आज या वयात चेहऱ्यांना गोल काढत बसू?

तक्त्यात जे मावत नाही ते इथे लिहीन. कुणाला दाखवायला नाही. डोकं फुटू नये म्हणून.

मंगळवार, ९ जानेवारी

चौथा मजला, तीन खोल्या. आई घरांचे नकाशे काढते, आतल्या खोलीत दार लावून. बाबा पोहायला शिकवतो. पहाटे जातो, दुपारी चारला येतो, गळ्यात शिट्टी अडकवूनच. आणि ही पोर – पावणेतीन वर्षांची. डोळे मोठे, गोल, म्हणून घरात तिला गोटी म्हणतात. नाक कायम वाहतं. बोलते फार थोडं. "आई", "दे", "नको", आणि काही आवाज जे तिचे तिलाच कळतात.

फ्रिजवर बाबाचा कागद: सूचना एकदाच. मग तीन आकडे. मग परिणाम.

कपाटाच्या दाराला आतून आईचा कागद: गुडघ्यांवर बसा. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या. तिने बघितल्यावरच बोला. पाठीमागून हाक मारू नका – तो मुलाचा अनादर आहे. "नाही" म्हणू नका. "शाब्बास" म्हणू नका. शिक्षा नाही, कोपरा नाही, खुर्ची नाही.

दोघांचे कागद एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि मधे दूध ठेवायचं मला!

माझा नियम एकच आणि तो कुठे चिकटवावा लागत नाही. हाक एकदा. दुसऱ्यांदा मी हाक मारत नाही. तीस मुलं त्या एका हाकेवर चपला घालून रांगेत उभी राहायची.

आज गोटीला चार वेळा हाक मारली. म्हणजे चार कामांसाठी, प्रत्येकी एकदा. एकदाही आली नाही. पाठमोरी बसून डबे रचत होती. ढिम्म!

गुरुवार, ११ जानेवारी

खरी घाई आज कळली. एप्रिलच्या एक तारखेला गोटीची शाळा. शाळेच्या बाईंनी एकदा बघून सांगितलंय – नाव पुकारल्यावर मूल उभं राहिलं पाहिजे, सांगितलेली एक गोष्ट केली पाहिजे. नाही जमलं तर वर्षभर घरीच ठेवा. त्या दिवशी ही खिडकीकडे बघत बसली म्हणे. बाई नाव घेतायत, ही खिडकीकडे.

म्हणून मला आणलंय. अडीच महिन्यांत पोर वळणावर आणायची.

आणेन. पण माझ्या हाताला बांधून ठेवलंय ना या दोघांनी!

बुधवार, १७ जानेवारी

धाकट्या बहिणीचा फोन. तिला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. "ताई, तुला पगार पोरीला सांभाळायचा मिळतो की तिच्या आईबापाला?" मी म्हटलं, पोरीचं काम सोपं आहे, ती एकटीच आहे.

गुडघ्यांवर बसण्याचं सांगितलं तर म्हणाली, "बैस की. उठवायला अग्निशमन दल बोलवू."

आजचं: गोटी हाकेला आली नाही. दोनदा. आई मात्र खोलीतून बाहेर आली, समोर बसली, "गोटी, मोजे आण" म्हणाली, आणि ही उठून मोजे घेऊन आली! माझ्याकडे एक नजरसुद्धा टाकली नाही.

कुणासमोर काय करायचं हे या वयातच पक्कं ठाऊक. आईसमोर गोगलगाय, माझ्यासमोर बहिरं सोंग.

मंगळवार, २३ जानेवारी

बाबाने घरात शिट्टी वाजवली! गोटी दचकून वळली. "बघा बाई, सातत्य असलं की मूल दाद देतं." मी म्हटलं, हे घर आहे की तलाव? शेजारच्या आजोबांनी दार उघडून बघितलं.

त्यावर आई खोलीतून बाहेर. "तू तिला कुत्र्यासारखं वागवतोयस."

"आणि तू तिला पाहुण्यासारखं."

"तिचा आदर केला तर—"

"आदराने तिला शाळेत घेणार आहेत का?"

मी गोटीला घेऊन गॅलरीत गेले. ती शांत. भांडण चाललंय याचा तिच्या चेहऱ्यावर पत्ताच नाही. मूल इतकं कोडगं होतं म्हणजे घरात हे रोजचंच असणार.

तक्त्यात मख्ख चेहऱ्याला गोल.

मंगळवार, ३० जानेवारी

आज एका हाकेत आली! मी स्वयंपाकघरात, ती हॉलमध्ये, पाठमोरी – आणि आली. दोनदा. नाकही आज कोरडं होतं, चेहरा तरतरीत. मी "शाब्बास!" म्हटलं. मोठ्याने. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

म्हणजे जमतं तिला. मनात असलं की सगळं जमतं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

पुन्हा सर्दी, पुन्हा ढिम्म. उद्यानात झोक्याजवळ मागून हाक मारली, ती सरळ चालत सुटली, दुसऱ्या एका बाईच्या मुलाच्या झोक्याच्या तडाख्यात जाता जाता वाचली. मी धावले. दंड धरून ओढली. ती रडली.

ती बाई म्हणाली, "लाडोबा दिसतेय." मी मान हलवली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

टीव्हीचा आवाज मोठा करायला रिमोट माझ्या हातात आणून देते. "दे, दे!" अंक बघितला – बत्तीस! माझ्या डोक्यात हातोडे पडतात. कमी केला की पडद्याला नाक लावून उभी. बाबाचा नियम – टीव्ही बारा मिनिटं. आईचा नियम – तिला हवा तेवढा, ती स्वतः थांबेल. माझा – बंद. केला बंद.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज मी खुर्ची काढली.

गोटीने आईच्या नकाशांची नळकांडी उलटी केली. मी स्वयंपाकघरातून एकदाच सांगितलं, "ठेव ते." ऐटीत दुसरं उपसलं! मग गेले, हात धरला, तिची पिवळी खुर्ची कपाटापलीकडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसवली. पाच मिनिटं. पाळणाघरात हीच शिक्षा होती आणि तिने कुणाचं वाईट झालेलं नाही.

पाच मिनिटांनी दारातून म्हटलं, "झालं. ऊठ आता."

उठली नाही.

बरं! मी दुसऱ्यांदा सांगत नाही. बघू कोण आधी वाकतं. भांडी घासली, कपडे घडी केले. दहा मिनिटं, वीस. भिंतीकडे तोंड, दोन्ही हात मांडीवर, पाय लोंबकळतायत. रडणं नाही, वळणं नाही. इतकं ताठ मूल मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही. तीस मिनिटं झाली. आईची जेवायची वेळ झाली म्हणून मीच जाऊन उचललं. मी हरले असं नव्हे, वेळ संपली.

जवळ गेले तेव्हा तिने वर बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले – घे म्हणून. जणू काही झालंच नाही! काय ही लबाडी.

तक्त्यात: जेवण पूर्ण. झोप दीड तास. मख्ख.

खुर्चीचं लिहिलं नाही. लिहिलं तर उद्या घरी बसेन.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज गोटी स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसली. खेळ म्हणून. मी उठवलं नाही, काही बोललेही नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सुटीच्या दिवशी मला कुठे नेलं तर शिबिराला! "बालसंगोपनाच्या विविध विचारधारा – पालक आणि सांभाळणाऱ्यांसाठी." आईने पैसे भरले होते, नाही म्हणता येईना. बाबाला पण ओढत आणलेलं. गोटी कडेवर.

शिकवणारी पंचविशीतली. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या – हुकमी, समजुतीची, मोकळी, अलिप्त. "आपापल्या कोपऱ्यात जा!" बाबा पहिल्यात. आई दुसऱ्यात. मी मधेच उभी राहिले. म्हटलं, मी माणूस आहे, टपाल नव्हे, की खणात टाकलं आणि झालं. सगळे हसले. ती मुलगी हसत म्हणाली, "मावशी, तुम्ही हुकमीत, बरं का! आवाजावरूनच कळतं." आणि हात धरून बाबाशेजारी नेऊन उभं केलं. बाबा मला म्हणतो, "स्वागत आहे."

मग खेळ. एकेका मुलाला मधे ठेवायचं आणि आपापल्या पद्धतीने बोलवायचं. मूल ज्याच्याकडे जाईल त्याची पद्धत मुलाला पोचते म्हणे. गोटी मधे. बाबाने टाळी वाजवून नाव घेतलं. मी एकदा हाक मारली. गोटी फरशीवरच्या रेघा बघत उभी. आई तिच्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसली, हात पसरले – गोटी धावली.

टाळ्या! आईच्या डोळ्यांत पाणी. "बघितलंत ना मावशी?"

बघितलं. पोरगी आईकडे गेली, यात विचारधारा कुठली आली? मांजराचं पिल्लूसुद्धा जातं.

येताना गाडीत मी मागे बसले. गोटी माझ्या मांडीवर झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत.

सोमवार, ४ मार्च

शाळेला चार आठवडे राहिले.

आईने आज बसवून घेतलं. आवाज मऊ, शब्द टोकदार. "मावशी, तुमचं वय, तुमचा अनुभव, सगळं मान्य. पण तुम्ही तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. माझ्याशी ती नीट वागते, तुमच्याशी नाही. म्हणजे अडचण तिच्यात आहे का?"

सरळ विचारलं, "म्हणजे माझ्यात?"

"मी तसं म्हटलं नाही."

तसंच म्हटलं! पदवीच्या वर्गात मी पहिली आले होते, आणि ही पोरगी, जी शाळेत जात होती तेव्हाच माझ्याकडे पहिली तीस मुलं शिकून गेली होती, मला सांगते की अडचण माझ्यात! बाबा फ्रिजजवळ उभा राहून सफरचंद खात होता. तो म्हणाला, "महिनाअखेर बघू."

म्हणजे महिनाअखेर गोटी हाकेला उभी राहिली नाही तर तिची शाळा गेली आणि माझं हे काम गेलं.

ठीक. आता तिचीच पद्धत चालवते. जशी लिहिली आहे तशी, अक्षरन् अक्षर. आठ दिवस. आणि मग दाखवते तिला, काही होत नाही ते.

बुधवार, ६ मार्च

गुडघे! देवा. सोफ्याच्या हाताला धरून उठले.

होतंय. ते मला आवडलेलं नाही, पण होतंय. समोर बसले, तिने बघितलं, म्हटलं, "चपला आण." आणल्या. "बाहुली झोपव." झोपवली. "पेला टेबलावर ठेव." ठेवला, आणि माझ्याकडे बघून हसली. दहापैकी नऊ वेळा.

बहिणीला फोन केला. "मग मान ना ताई की ती बरोबर आहे!" म्हटलं, मानते, पण का बरोबर आहे ते कळल्याशिवाय मानणार नाही. "तू लष्करात हवी होतीस," म्हणाली.

का?

आदर म्हणे. पावणेतीन वर्षांच्या मुलाला पेला टेबलावर ठेवायला आदर लागतो? मला तर अजून कुणी दिला नाही, मी रोज ठेवते.

गुरुवार, १४ मार्च

 लिहून काढते.

मला सर्दी. आईचा निरोप – मास्क लावूनच या. लावला. कामाला लागले. नियमाप्रमाणे गोटीसमोर गुडघ्यांवर बसले. डोळ्यांत डोळे. तिने बघितलं. म्हटलं, "चपला आण." नेहमीच्या आवाजात.

काही नाही.

पुन्हा म्हटलं – हो, दुसऱ्यांदा म्हटलं. ती बघतेय. डोळ्यांत नाही, मास्ककडे. मग तिने बोट घालून माझा मास्क खाली ओढला, हनुवटीपर्यंत, आणि माझ्या ओठांकडे बघत थांबली.

"चपला आण."

आणल्या.

मी मास्क वर केला. "चेंडू आण." नाही. तिने परत मास्क खाली ओढला. "चेंडू आण." आणला.

जमिनीवर बसूनच राहिले. मग उठले, तिच्या मागे गेले, स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. हळू – नाही. जरा जोरात, डावीकडून – नाही. उजवीकडून – मान किंचित वळली. फार जोरात – वळली, हसली.

पोरीला ऐकू येत नाही. निदान पुरेसं नाही. ती आईच्या आदराला दाद देत नव्हती आणि माझी हाक ताठरपणे नाकारत नव्हती. ती ओठ वाचत होती. पावणेतीन वर्षांची पोर, तिने तिची ती पद्धत शोधून काढली होती, आणि आम्ही तिघं आपापल्या कोपऱ्यांत उभे!

शुक्रवार, १५ मार्च

चार वाजता दोघांना समोर बसवलं. सांगितलं.

आई: "म्हणजे माझी पद्धत चालते हे तुम्हाला सहनच होत नाही ना?"

बाबाने शिट्टी वाजवली. गोटी वळली. "हे घ्या. ऐकू येतं."

"शिट्टीने मेलेलासुद्धा उठेल," मी म्हटलं. "माणसाच्या आवाजात बोलवा. मागून."

"मी तिला मागून बोलवत नाही," आई म्हणाली. "कधीच नाही."

"तेच. म्हणूनच तुम्हाला कळलं नाही."

हे मी फार कडक आवाजात म्हटलं असणार. ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता मला दार दाखवणार. पण ती गोटीकडे बघत होती. गोटी पाठमोरी, डबे रचत, आमच्या आरडाओरड्यात तिचा मनोरा सहा डब्यांचा झाला होता.

आई दाराच्या चौकटीत गेली. हळूच म्हणाली, "गोटी. आई आहे इथे."

सातवा डबा.

"गोटी, बाळा." थोडं मोठ्याने.

आठवा.

तिसऱ्यांदा तिचा आवाजच फुटला. ती चौकटीला टेकून खाली बसली. बाबाने गळ्यातली शिट्टी काढली आणि कुठे ठेवू हे न कळल्यासारखा हातात धरून उभा राहिला. मनोरा पडला. त्या आवाजाने मात्र गोटी हसली आणि आईला बघून तिच्याकडे गेली, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली – ती काहीतरी बोलेल म्हणून.

गुरुवार, २१ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे मलाही नेलं. "बाई, तुम्ही चला," आई म्हणाली. ‘बाई’ म्हणाली, हे लिहून ठेवते.

डॉक्टर बाईच, मोजकं बोलणाऱ्या. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलंय. डावीकडे जास्त. सतत सर्दी असलेल्या मुलांत होतं. बोलणंही त्यामुळेच मागे. कायमचं नाही, बरं होतं. जीव भांड्यात पडला.

मग त्यांचा प्रश्न. "कधीपासून? मधे कधी सुटलं होतं का? सर्दी नसताना काय? कुठल्या बाजूने कमी? थांबून औषधावर बघायचं की लगेच कानात नळी बसवायची, हे त्यावर ठरेल."

बाबा म्हणाला, आम्हाला वाटलं हट्टी आहे. आईने पिशवीतून ढगांची वही काढली. डॉक्टरांनी दहाबारा पानं उलटली. मख्ख, मख्ख, हसरा, मख्ख. "हे चेहरे मला काय सांगणार?" त्यांनी वही परत दिली. "रोज बघणाऱ्या कुणी काही नोंदवलंय का? तारखेनिशी?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पर्सचा बंद धरून बसले होते. आत ही वही.

"आठवून सांगते," मी म्हटलं.

शनिवार, २३ मार्च

सगळं पहिल्यापासून वाचलं.

कॉलेजात आम्हाला निरीक्षणाची वही असायची. मुलाजवळ बसायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. माझ्या पहिल्या वहीवर बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं: "‘हट्टी’ हे निरीक्षण नव्हे, ते तुमचं मत. मूल काय करत होतं ते लिहा." दहापैकी चार गुण. मी रडले होते. त्यानंतर पहिली आले, पण आज कळलं की धडा तेवढा गुणांपुरताच राहिला.

पेन्सिल घेतली आणि फक्त दिसलेल्या गोष्टींखाली रेघ मारत गेले. नऊ जानेवारी, पाठमोरी, चार हाका. तीस जानेवारी, नाक कोरडं, दोनदा आली. दोन फेब्रुवारी, सर्दी, झोका. आठ, आवाज बत्तीस. चोवीस, टाळी. सगळं आहे. डॉक्टरांना हवं ते सगळं. फक्त मधल्या जागेत मी बसलेय – लबाड, कोडगं, सोंग.

तेरा फेब्रुवारीवर आले.

"झालं. ऊठ आता." मी दारातून म्हटलं होतं. तिच्या पाठीमागून.

ती ताठ बसली नव्हती. शिक्षा संपली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तीस मिनिटं ती वाट बघत होती. आणि मी जवळ गेल्यावर तिने हात पुढे केले ती लबाडी नव्हती. तिला वाटलं, आता बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून तिथे जाऊन बसली, आणि मी उठवलं नाही.

ते पान फाडून बाकीची वही द्यावी असं वाटलं. खोटं कशाला लिहू – दोन बोटांत धरलंही होतं. त्या पानावर डॉक्टरांच्या कामाचंही आहे, पाठीमागून, दारातून दिलेला आवाज पोचला नाही हे. पण पान न फाडण्याचं ते काही कारण नव्हे. तेवढं निराळ्या कागदावर लिहून देता आलं असतं.

सोमवार, २५ मार्च

बहिणीला वाचून दाखवलं. हसली नाही. "ताई, हे वाचल्यावर ते तुला ठेवणार नाहीत."

"माहीत आहे."

"आणि त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंयस! कुत्र्यासारखं, पाहुण्यासारखं—"

"ते त्यांनीच म्हटलंय. मी फक्त लिहिलंय."



मंगळवार, २६ मार्च. सकाळी सव्वानऊ, त्यांच्या टेबलावर

आज पोरीच्या आईच्या हातात दिलं ते असं:

ढगांची वही, आजपर्यंत भरलेली.

त्यांच्या घराची किल्ली. मागितलेली नव्हती. वाचून झाल्यावर मला परत द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.

पिवळी खुर्ची, भिंतीपासून काढून खिडकीशी ठेवलेली, तोंड खोलीकडे. गोटी तिच्यावर बसली आहे. तिच्यासमोर बसून तिला सांगितलं, "झालं. ऊठ." उठली.

आणि ही वही. पानं सगळी. तेरा फेब्रुवारीचं धरून.